मास्तरांची शाळा आणि आपली मुले

नांदेड आणि लातूर ही नावे आज महाराष्ट्रात कोठेही उच्चारली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो शिक्षणाचा. लातूरच्या महाविद्यालयांनी परीक्षांत मिळविलेल्या यशामुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द मराठीत रूढ झाला. नांदेड येथे १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. एका शिक्षक-संन्याशाचे नाव विद्यापीठाला लाभावे, हे या भूमीला शोभणारेच आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी घरातील मुलाला मातृभाषेतून वरचे शिक्षण मिळणे दुरापास्त होते. म्हणूनच १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा उभी राहिली, तेव्हा ती केवळ शाळा राहिली नाही. स्वत्व जपण्याचे ते एक साधन झाले. शिक्षणासाठी झगडलेल्या या भागात आज शिक्षणाची भूक मोठी असल्यास नवल नाही.

या भुकेत आपली थोडीशी कॅथलिक कुटुंबेही सामील आहेत आणि असलीच पाहिजेत. परंतु त्याबरोबर एक प्रश्न उभा राहतो. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते आणि त्याच वेळी मिस्साही असते. बहुतेक घरांत या दोहोंपैकी कशाची निवड होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ‘एकदा बारावी होऊन जाऊ द्या, फादर, मग येईल तो नियमित,’ असे पालक म्हणतात. ते मनापासून बोलतात यात शंका नाही. तथापि बारावीनंतर मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला जातो आणि आपल्याबरोबर किती श्रद्धा घेऊन जातो, याचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.

मुलांच्या धर्मशिक्षणाचे मोल काय, या प्रश्नाचे उत्तर उपदेशातून देण्यापेक्षा इतिहासातून शोधणे अधिक बरे. मराठी भाषक ख्रिस्ती माणसाची श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी आली, ती कोठे टिकली आणि कोठे क्षीण झाली, हे पाहिले की उत्तर आपोआप हाती येते. आपला औरंगाबाद धर्मप्रांत तसा वयाने लहान. १७ डिसेंबर १९७७ रोजी तो अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. लातूर जिल्हा तर १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला. म्हणून या इतिहासाची सुरुवात आपल्याला आपल्या दाराबाहेर, गोव्याच्या किनाऱ्यावर शोधावी लागते.

घंटा, ओवी आणि मातृभाषा

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांना गोळा करून चर्चमध्ये नेत, ही हकिकत आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. तिच्यातील दोन गोष्टींकडे मात्र आपले लक्ष जात नाही. पहिली अशी की, या विद्वान धर्मगुरूने आपल्या कार्याचा प्रारंभ मुलांपासून केला. दुसरी अशी की, दक्षिणेच्या मच्छीमार किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी प्रार्थनांचा तमिळ अनुवाद करवून घेतला, तो स्वतः पाठ केला, आणि पुढे जाताना गावोगावी एक ‘कणक्कपिळ्ळै’, म्हणजे प्रार्थना शिकवणारा स्थानिक माणूस, मागे ठेवला. धर्मगुरू येत-जात असे. हा माणूस मात्र गावातच राहत असे. आपल्याकडील ‘मास्तर’ या व्यक्तीचा हा पूर्वज होय.

त्यानंतर आपल्या भाषेतील एक महान घटना घडली. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी साहित्याचे भूषण मानला जातो. पण तो कसा जन्मला? ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स सांगतात त्यानुसार, साष्टीतील चर्चमध्ये मुलांना ख्रिस्ती सिद्धांत शिकवणे चालू असता एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने त्यांच्याजवळ गाऱ्हाणे मांडले. आमची जुनी पुराणे तर गेली. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पहिला महाग्रंथ हा एका अर्थी मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून उगवला. त्याच स्टीफन्सचे कोकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाले. ते गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात आहे.

परंतु पुढे काय झाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. या धोरणामागे काही धर्मसंघीयांचाही आग्रह होता. लोकांनी आपली बोली सोडली नाही, ही गोष्ट वेगळी. पण देशी भाषेतील ख्रिस्ती ग्रंथनिर्मितीचा झरा मात्र पुढे आटत गेला. श्रद्धेला मातृभाषेपासून तोडले की ती केवळ विधींपुरती उरते, हा या प्रकरणाचा धडा आहे. आज इंग्रजी शाळेत जाणारे आपले मूल इंग्रजीतली प्रार्थना घडाघडा म्हणते आणि आजीजवळ बसून ‘नमो मरिया’ म्हणताना अडखळते, तेव्हा १६८४ चा तो धडा आठवल्यावाचून राहत नाही.

घर नावाची शाळा

दुसरा धडा वसईचा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. युरोपीय धर्मगुरू बहुतांशी निघून गेले, मठ ओस पडले, मोठमोठ्या इमारतींचे अवशेष तेवढे किल्ल्यात उरले. ज्यांनी राजाश्रयामुळे धर्म पत्करला होता, त्यांचा धर्म राजाश्रयाबरोबरच जाईल, असे कोणालाही वाटले असते. तसे घडले नाही. थोडे स्थानिक धर्मगुरू आणि पुष्कळ घरे यांनी ती श्रद्धा सांभाळली. संध्याकाळी क्रूसापुढे दिवा लावून म्हटलेली पवित्र जपमाळ, सणावारांचे रिवाज, जन्म-लग्न-मृत्यूच्या वेळची मराठी बोलीतील गाणी या साऱ्यांतून मुलांना धर्म कळत गेला. शाळा नव्हती, पुस्तके नव्हती. पण घर होते.

संत पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या श्रद्धेचा उल्लेख केला आहे, तो याच अर्थाने. इस्राएल लोकांनाही परमेश्वराची आज्ञा होती की घरी बसताना आणि वाटेने चालताना या गोष्टी मुलांना सांगत जा. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसृत केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे त्यात तिने निःसंदिग्धपणे म्हटले. वसईच्या घरांनी ते दोनशे वर्षे आधीच कृतीत आणले होते.

मास्तर

आता आपण आपल्या शेजारच्या गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात येऊ. कारण मराठवाड्यातील ख्रिस्ती जीवनाचे नाते वसईपेक्षा या खोऱ्याशी अधिक जवळचे आहे. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकात प्रथम प्रॉटेस्टंट बंधूंचे कार्य उभे राहिले. स्वतः ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ताकडे आलेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर, ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. कॅथलिकांमध्ये संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे धर्मगुरू औरंगाबाद परिसरात आले. घोगरगावच्या मिशनचे फादर गुरियन जाकिए यांची आठवण तेथील लोक आजही भक्तिभावाने जपतात. पलीकडे नगर जिल्ह्यात राहुरीजवळ केंदळ येथे १८७८ च्या सुमारास येशूसंघीयांनी कार्य सुरू केले. त्याच केंदळ गावातून १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढले. ते शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी कॅथलिक घरांत जात राहिले.

हा काळ दुष्काळांचा होता. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, पुढे १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. त्या दिवसांत जे ख्रिस्ती झाले त्यांना ‘भाकरीचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवले गेले. हा टोमणा आजही अधूनमधून ऐकू येतो. त्याला उत्तर द्यायचे तर इतिहासाने द्यावे. भुकेल्या माणसाने भाकर देणाऱ्याचा हात धरला, यात लाज वाटण्यासारखे काही नाही; स्वतः प्रभूने आधी भाकरी वाटल्या होत्या. पण दुष्काळ संपले, धान्याची पोती संपली, पाऊस पुन्हा पडू लागला. केवळ भाकरीसाठी आलेली माणसे त्यानंतर निघून जायला हवी होती. त्यांतील असंख्य घरांत आज चौथी-पाचवी पिढी नाताळ साजरा करीत आहे. हे कशामुळे घडले? भाकरीमागोमाग एक माणूस पाटी घेऊन आला होता. त्याचे नाव मास्तर.

हा मास्तर बहुधा त्याच समाजातला, थोडेसे शिकलेला, तुटपुंज्या पगारावर गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहणारा. दिवसा तो मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवी. संध्याकाळी प्रार्थना शिकवी. एकच खोली, सहा दिवस शाळा आणि रविवारी प्रार्थनामंदिर. फादर घोड्यावरून किंवा बैलगाडीतून महिन्या-दोन महिन्यांनी येत; तोवर आजाऱ्याजवळ बसणे, मरणाऱ्याच्या कानात प्रार्थना म्हणणे, भांडणे मिटवणे हे सारे मास्तरच करी. ज्या मुलाला गावच्या शाळेत पायरीपाशी बसवीत, त्याला मास्तर आपल्या शेजारी बसवीत असे. ‘देवाने तुला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवले आहे’ हा सिद्धांत त्या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी मास्तरच्या चटईवर अनुभवला. अक्षरज्ञान आणि धर्मज्ञान त्या खोलीत वेगळे नव्हते. ख्रिस्ती शिक्षणाचे मोल एका वाक्यात सांगायचे झाल्यास मी त्या चटईकडे बोट दाखवीन.

शाळा वाढली, मास्तर गेले

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, आणि पुष्कळसे चांगल्यासाठी बदलले. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव सरकारी शाळा झाल्या, सर्व जातींची मुले एका वर्गात बसू लागली. मिशनच्या एकशिक्षकी शाळांची गरज उरली नाही. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेतही संमतीवाचून कोणाला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. बहुधर्मी देशात हे योग्यच आहे. आपल्या मुलांचेही त्यामुळे रक्षण होते. तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क दिला आणि आपण तो हक्क वापरला. मराठवाड्यातील शहरांत आपल्या शाळा उभ्या राहिल्या, नावारूपाला आल्या. त्यांत शिकणारी बहुसंख्य मुले इतर धर्मांची आहेत. त्यांची सेवा करणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य आहे आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो.

मात्र या बदलात एक गोष्ट नकळत हातातून निसटली. शाळा मोठी झाली आणि मास्तर गेले. पूर्वी शाळा एका खोलीची होती, पण तिच्याबरोबर वस्तीवर राहणारा माणूस होता. आता इमारत तीन मजली आहे, पण आपल्या मुलाच्या घरी संध्याकाळी प्रार्थनेला येणारे कोणी नाही. मूल कॅथलिक शाळेत जाते, म्हणून त्याच्या धर्मशिक्षणाची सोय झाली असे आपण धरून चाललो. ती सोय पुष्कळदा झालेली नसते.

त्यात आपल्या भागात आणखी एक अवघड गाठ आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या मर्यादित झाल्या. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. महार आणि मांग समाजातून आलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांपुढे यामुळे एक क्रूर प्रश्न उभा राहिला. दाखल्यावर धर्म लिहायचा तर शिष्यवृत्ती आणि राखीव जागा जातात. त्या राखायच्या तर धर्म झाकायचा. अशा घरातील मुलाचे नाव चर्चमध्ये एक असते आणि शाळेच्या हजेरीपटावर दुसरे. या पालकांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही; पोटच्या पोराचे भवितव्य पणाला लागलेले असते. अन्याय दाखल्यावरच्या नावात नाही, तशी निवड करायला लावणाऱ्या नियमात आहे. हा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पण मुलाचे बालपण आयोगांसाठी थांबत नाही. ज्याला शाळेत आपली श्रद्धा मनात दडवून ठेवावी लागते, त्याला तर घरात आणि धर्मग्रामात ती अधिकच उघडपणे, अभिमानाने आणि समजून मिळायला हवी. नाहीतर तो असे शिकेल की धर्म ही लपवण्याची गोष्ट आहे, आणि लपवलेली गोष्ट कालांतराने हरवते.

प्रश्न विचारणारे मूल

धर्मशिक्षण म्हणजे पाठांतर, अशीही एक समजूत आहे. पाठांतराला मी कमी लेखत नाही. संकटात ओठांवर येते ते पाठ असलेलेच. पण पाठांतर ही सुरुवात होय. वल्हांडणाच्या विधीत, या विधीचा अर्थ काय असे मुलाने विचारायचे आणि बापाने सांगायचे, अशी योजना बायबलमध्ये आहे. बाराव्या वर्षी प्रभू येशू मंदिरात सापडले, तेव्हा ते गुरुजनांमध्ये बसून ऐकत होते आणि प्रश्न विचारीत होते. मराठवाड्याच्या मातीतही प्रश्नाचा हा मान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद राजाचे नाव दिले गेले. नागसेन भिक्खूला एकामागून एक प्रश्न विचारणारा तो राजा! ज्याला प्रश्न विचारू दिले जात नाहीत, त्याची श्रद्धा उसनी राहते.

आणि प्रश्न तर येतातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. थकून झोपलेली गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. हे देवाने का केले, त्या लोकांनी काही पाप केले होते का, असे प्रश्न तेव्हा लहानथोरांच्या ओठी आले. शुभवर्तमानात याच प्रश्नाला स्पर्श आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. ज्या मुलाला हा उतारा ठाऊक आहे, ते आपत्तीत सापडलेल्याला दोष देणार नाही. ते मदतीला धावेल. धर्मशिक्षणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने एवढे एकच उदाहरण ध्यानात ठेवावे. भूकंप का होतो हे भूगोल सांगतो आणि त्याने ते सांगितलेच पाहिजे. पण ढिगाऱ्याजवळ उभे राहून शेजाऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहायचे, हे दुसऱ्या एका शाळेत शिकावे लागते.

नांदेडकरांना अशी शाळा रोज पाहायला मिळते. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जेथे देह ठेवला, त्या हुजूर साहिबच्या लंगरात शीख कुटुंबे मुलांना हाताशी घेऊन पंगतीत वाढतात. तेही येथे अल्पसंख्यच आहेत. पण त्यांच्या मुलांना सेवा म्हणजे काय हे व्याख्यानातून सांगावे लागत नाही. शेजाऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

आता आपण काय करावे

इतिहासाने तीन गोष्टी सांगितल्या: मातृभाषा, घर आणि मास्तर. जेथे या तिन्ही एकत्र होत्या तेथे दुष्काळ, सत्तांतर, उपहास यांतूनही श्रद्धा पार पडली. यांतील दोन गोष्टी पालकांच्या हातात आहेत. दिवसातून दहा मिनिटे, मोबाईल आणि दूरदर्शन बंद करून, घरच्या मराठीत प्रार्थना आणि शुभवर्तमानातील चार ओळी एवढे कोणत्याही परीक्षेच्या वर्षात शक्य आहे. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर ‘मला माहीत नाही, आपण फादरांना विचारू’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. त्याला गप्प मात्र करू नये.

तिसरी गोष्ट आम्हा धर्मगुरूंची आणि धर्मग्रामाची. संत पोप दहावे पायस यांनी १९०५ साली प्रत्येक रविवारी मुलांना तासभर धर्मशिक्षण देण्याचा नियम घालून दिला. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत अधिकृत स्थान दिले. म्हणजे त्या चटईवरच्या मास्तरचा मान जागतिक ख्रिस्तसभेने मान्य केला. तो मान आपण आपल्या धर्मग्रामातही द्यावा. नांदेड-लातूरसारख्या विखुरलेल्या धर्मग्रामांत प्रत्येक तालुक्याला एक तरी प्रशिक्षित, योग्य मानधन मिळणारी व्यक्ती हवी. ती बाई असो वा पुरुष, पण घराघरांत जाणारी हवी. इमारतीसाठी आपण वर्गणी काढतो. या माणसासाठीही काढली पाहिजे. आणि रविवारी टेस्ट असेल, तर आपण शनिवारी संध्याकाळी मुलांकडे जावे. घंटा घेऊन रस्त्यावर फिरलेल्या संताचे आपण वारस आहोत. मुले येत नाहीत म्हणून रुसून बसणे आपल्याला शोभत नाही.

पालकहो, आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे, अभियंते व्हावे, लातूर आणि नांदेडचे नाव उज्ज्वल करावे. त्यांच्या आजोबा-पणजोबांना ज्या मास्तराने पहिले अक्षर शिकवले, त्यालाही याचा आनंदच झाला असता. परंतु ते पहिले अक्षर गिरवताना त्याने मुलाला आणखी एक गोष्ट सांगितली होती: तू कोणाचा आहेस. ते सांगणारे माणूस आता आपल्यालाच व्हावयाचे आहे.